उसन्या विजेचा हिशेब

मलकापूर म्हटले की बुलडाण्याच्या माणसाला त्याचे मलकापूर आठवते, शाहूवाडीकडच्या माणसाला त्याचे. हे मलकापूर कराडला खेटून, आगाशिवाच्या डोंगराखाली, पुणे–बंगळुरू महामार्गाच्या कडेने वाढलेले. चोवीस तास नळाला पाणी आणि प्रत्येक नळाला मीटर, ही जोडी या गावाने करून दाखवली. घराने जेवढे पाणी घेतले तेवढे मोजायचे, जास्त घेणाऱ्याला चढा दर लावायचा, एवढेच त्या योजनेचे मर्म. पाणी मोजले जाऊ लागले की गळक्या तोटीला कोणी फार दिवस गळू देत नाही.

पाण्याच्या बाबतीत एका गावाला जे काही वर्षांत साधले, ते विजेच्या बाबतीत साधायला साऱ्या राज्याला साठ वर्षे लागली. कारखान्यात जी वीज येते तिच्यातली काही कामाला लागते, काही नुसती येते आणि आल्या पावली परत जाते. ही दुसरी वीज तारांमध्ये जागा अडवते, रोहित्र तापवते, लांबच्या टोकाचे व्होल्टेज पाडते. पण जुन्या मीटरला ती दिसतच नसे. घेतलेल्या एकूण विजेपैकी कामाची किती, हे सांगणारा आकडा म्हणजे पॉवर फॅक्टर. पाठ्यपुस्तकांत त्याला शक्तिगुणक म्हणतात, पण कारखान्याच्या शेडमध्ये तो शब्द कोणी वापरत नाही. तिथे ‘पीएफ पडला’ एवढेच म्हणतात.

पीएफ का पडतो, हे उसनवारीच्या हिशेबाने चटकन कळते. मोटार फिरायची तर तिच्या पोटात आधी चुंबकीय क्षेत्र उभे राहावे लागते. त्यासाठी ती तारेतून थोडी ऊर्जा उसनी घेते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात परत करते; पुन्हा घेते, पुन्हा परत करते. शेजारच्या घरातून वाटीभर साखर आणावी आणि संध्याकाळी तेवढीच परत पोचवावी, तसे हे. साखर कोणी खाल्ली नाही, हे खरे. पण शेजार दहा कोसांवर असेल तर येण्याजाण्यात माणूस दमणारच. पोफळीच्या वीजघरातून निघालेली उसनी वीज सह्याद्री चढून कराडला येते आणि तशीच मागे वळते, तेव्हा वाटेतली प्रत्येक तार तापते. कॅपॅसिटर म्हणजे मोटारीच्या दाराशी आणून बसवलेला शेजारी. मोटार ज्या क्षणी मागते त्याच क्षणी त्याच्याकडे द्यायला असते, आणि मोटार परत करते तेव्हा त्याला घ्यायचे असते. उसनवारी तशीच चालू राहते, फक्त ती शेडच्या आत मिटते.

या गोष्टीची सुरुवात इटलीत झाली. ट्यूरिन शहरात गॅलिलिओ फेरारिस याने १८८५ साली फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा प्रयोग केला आणि १८८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत निकोला टेस्लाला या तत्त्वावरच्या मोटारीची पेटंटे मिळाली. वर्षभरात त्याच तत्त्वावर हंगेरीच्या ओट्टो ब्लाथीने वीज मोजण्याचा मीटर बनवला. घरोघरी भिंतीवर काचेआड हळू फिरणारी ॲल्युमिनियमची जी चकती दोन-तीन पिढ्यांनी पाहिली, ती या मीटरच्या वंशातली. म्हणजे उसनी वीज मागणारी मोटार आणि ती वीज न दिसणारा मीटर ही एकाच शोधाची दोन लेकरे. चकती फिरे ती फक्त कामाच्या विजेने. उसन्या विजेने तिच्यावर जेवढा जोर पडे तेवढाच पुढच्या क्षणी उलटा पडे, आणि चकती जागची हलत नसे. पुढच्या साऱ्या भानगडी या एका चकतीत दडलेल्या होत्या.

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात उद्योग विजेच्या आधी आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून बिऱ्हाड हलवून १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना मांडला. त्याची किर्लोस्करवाडी झाली. १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला, कराडजवळ ओगलेवाडी वसली आणि प्रभाकर कंदील घराघरांत गेला. त्या काळच्या कारखान्यांची रीत अशी, की एक इंजिन, छताखाली एक लांब शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक यंत्रावर उतरणारा चामड्याचा पट्टा. अशा कारखान्यात पॉवर फॅक्टर नावाचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना मात्र तो लवकर भेटला, कारण टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून त्यांना वीज मिळू लागली आणि मोटारी आल्या. सातारा-सांगलीकडच्या शहरांत तेव्हा फार तर डिझेलवर चालणारी छोटी वीजघरे. ती संध्याकाळी दिवे लावीत; कारखाने ओढण्याची त्यांची ताकद नव्हती.

कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाने हे सगळे बदलले. १९५४ साली काम सुरू झाले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या डोंगराच्या पोटातले पहिले जनित्र फिरले. धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाचे पाणी पश्चिमेकडे पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते आणि त्याची वीज तारांवरून उलटी घाटमाथ्यावर येते. याच सुमारास बाकीचीही जुळवाजुळव झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, देवराष्ट्रे या गावी जन्मलेले आणि कराडला वाढलेले यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी कराडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढच्या काही दशकांत सहकारी साखर कारखाने, विट्याचे यंत्रमाग, मिरज-कुपवाडच्या फाउंड्र्या, तासवडे आणि पलूसच्या औद्योगिक वसाहती अशी रांग लागली. शाफ्ट आणि पट्टे गेले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार आली आणि प्रत्येक मोटारीबरोबर तिची उसनवारी.

तिचा भार केवढा, ते एका साध्या गणितात दिसते. एखाद्या कारखान्याचे खरे काम १०० किलोवॅटचे आहे आणि पीएफ ०.७० आहे, असे धरू. त्याला रोहित्रातून १४३ केव्हीए (कामाची आणि उसनी वीज मिळून) उचलावे लागतात आणि ४१५ व्होल्टच्या केबलमधून सुमारे १९९ अँपिअर वाहतात. त्याने शेडमध्ये ७० केव्हीएआरची (उसनी वीज याच मापात मोजतात) कॅपॅसिटर बँक बसवली तर पीएफ ०.९५ वर जातो, भार १०५ केव्हीएवर येतो आणि करंट १४६ अँपिअरवर. यंत्रे तीच, उत्पादन तेवढेच. पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वाटेत जळणारी वीज शंभरातून सुमारे शेहेचाळीस हिश्श्यांनी कमी होते. नवे रोहित्र घ्यायला निघालेल्या कारखान्याला जुन्याच रोहित्रावर आणखी दोन लेथ चालवता येतात.

एवढा उघड फायदा असताना कॅपॅसिटर लगेच सगळीकडे का बसले नाहीत? कारण फायदा ज्याचा होता आणि खर्च जो करणार होता, ती दोन माणसे वेगळी होती. बाहेरच्या तारेत जळणारी वीज मंडळाची. चकती ती मोजत नव्हती, म्हणून कारखान्याच्या बिलात ती येत नव्हती. मोठ्या, उच्चदाबाच्या ग्राहकांना एक टोचणी जरूर होती. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन याने १८९२ साली मांडलेला विचार जगभर रुजला होता: ग्राहकाने वापरलेल्या युनिटांबरोबर त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या क्षमतेचेही पैसे घ्यावेत. ही क्षमता केव्हीएमध्ये मोजली जाई, आणि पीएफ पडला की केव्हीए फुगत. त्यामुळे साखर कारखाने आणि मोठ्या गिरण्यांनी कॅपॅसिटर लवकर घेतले. जुने वायरमन त्यांना कंडेन्सर म्हणत. पत्र्याची जड पेटी, आत कागद आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, आणि ते सगळे तेलात बुडवलेले.

त्या तेलाविषयी इथे सांगितलेच पाहिजे. ते पेट घेऊ नये म्हणून जगभर १९३० च्या दशकापासून कॅपॅसिटरमध्ये पीसीबी गटातली रसायने भरली जात. ती खरोखरच जळत नसत, पण मातीत, पाण्यात आणि शरीरातही विघटन न होता साचून राहत. अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी घातली. भारताने २०१६ च्या आदेशाने त्यांची निर्मिती आणि आयात थांबवली. भंगारात निघालेली तेलकट पेटी फोडून आतला पत्रा विकणाऱ्या माणसाला त्या तेलाने काय होते हे कोणी सांगितले नव्हते. आज शेडमध्ये दिसणारे उभे, डब्यासारखे कॅपॅसिटर पॉलिप्रॉपिलिनच्या फिल्मचे असतात. त्यांत पीसीबी नसते. मात्र स्विच बंद केला तरी कॅपॅसिटरमध्ये वीज काही वेळ टिकून असते, हा गुण जुन्या-नव्या दोघांत सारखाच. म्हणून जाणता वायरमन पॅनेल बंद केल्यावर थोडा थांबतो आणि टर्मिनल शॉर्ट करून खात्री पटल्यावरच हात घालतो.

साखर कारखान्यांची अडचण आणखी निराळी. हंगामात बगॅसवर बॉयलर पेटतो, स्वतःची टर्बाइन फिरते आणि कारखाना उलट बाहेर वीज विकतो. हंगाम संपला की दुरुस्तीची कामे, कार्यालय, वसाहतीचे दिवे एवढेच उरते. पण मोठे रोहित्र लाइनवर तसेच असते, आणि रोहित्रालाही चुंबकीय क्षेत्र लागते. समजा दुरुस्तीचा भार १५ किलोवॅट आहे आणि रिकामे रोहित्र १५ केव्हीएआर उसने घेत आहे. पीएफ थेट ०.७१! काम नसलेल्या महिन्यात आकडा सगळ्यात वाईट, याचे नवख्या लेखापालाला कोडे पडते. उपाय तसा सोपा, रोहित्रापुरता एक छोटा कॅपॅसिटर कायम जोडून ठेवायचा. पण तो आठवायला आधी कोणीतरी मे महिन्याचे बिल नीट वाचावे लागते.

कारखान्याच्या कुंपणाबाहेर, नदीकाठी, हीच गोष्ट जास्त वेदनेची झाली. कृष्णा आणि कोयनेच्या काठाला जॅकवेल, पाइपलाइनी आणि मोटारी यांची दाटी आहे. एकट्याच्या, भावकीच्या, सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या. या भागातला ऊस त्यांच्यावर उभा आहे. कॅपॅसिटर बसवण्याची अपेक्षा शेतीपंपाकडूनही होती आणि स्टार्टरच्या पेटीशेजारी तो लटकवलाही जाई. पण १९७० च्या दशकात राज्याने शेतीपंपांना अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू केली, मीटर वाचायचे कारण उरले नाही, आणि कॅपॅसिटर जळला तर नवा घ्यायचेही. जळालेला कॅपॅसिटर काढून वायरी तशाच जोडून दिल्या की मोटार चालतेच. वरवर काहीच बिघडत नाही.

बिघडते ते डीपीवर, म्हणजे गावातल्या रोहित्रावर. पाच अश्वशक्तीची मोटार ०.७५ पीएफवर चालली तर सुमारे सव्वासहा केव्हीए उचलते. तिला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला तर पाचच्या थोडे वर. १०० केव्हीएच्या डीपीवर पहिल्या हिशेबाने सोळा मोटारी बसतात, दुसऱ्या हिशेबाने एकोणीस. गावातल्या डीपीवर मोटारी मुळातच जास्त असतात. त्यात ऑटोस्विच आले. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, रात्री दोनला कोणाला नदीकाठी जावे लागू नये, ही त्यामागची गरज अगदी खरी; अंधारात, बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत पाळी धरणाऱ्या माणसाला ती नाकारणे बरोबर नाही. पण सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या की त्या क्षणी उसनवारीची झुंबड उडते, व्होल्टेज कोसळते, मोटारी गुरगुरतात आणि डीपी जळते. मग वर्गणी, ट्रॅक्टरची ट्रॉली, रोहित्र उतरवणे, नवे येईपर्यंत वाळणारा ऊस. मंडळानंतर आलेली वीज वितरण कंपनी, महावितरण, वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना दोनच गोष्टी विनवत आली आहे: ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर लावा. एकट्याने लावून भागत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी लावावा लागतो, आणि नेमके तिथेच गाडे अडते. ज्या शेतकऱ्याचा कॅपॅसिटर ठीक आहे त्याचीही मोटार शेजाऱ्याच्या उसनवारीने जळते. ठोक आकारणी ठरवताना शेतकऱ्याचे हित पाहिले गेले यात शंका नाही. पण मीटर गेला तेव्हा डीपीचे आयुष्यही त्याच्याबरोबर गेले, हे कोणी हिशेबात धरले नाही.

कारखान्यांच्या बाजूला मात्र मोजणी हळूहळू बारीक होत गेली. उच्चदाबाच्या बिलावर युनिटांबरोबर ‘आरकेव्हीएएच’ असा दुसरा आकडा येऊ लागला. उसन्या विजेचा तो आकडा. दोन्हींचे वर्ग करून मिळवायचे, वर्गमूळ काढायचे आणि त्याने युनिटांना भागायचे की महिन्याचा सरासरी पीएफ निघतो. इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर हे काम मीटरच करू लागला. १९९९ साली राज्य वीज नियामक आयोग आला, आणि २००० च्या दशकातल्या दरपत्रकांत दंडाबरोबर बक्षीसही चांगले घसघशीत झाले. पीएफ ०.९५ च्या वर नेला की सूट सुरू होई, बरोबर १ वर नेला तर बिलाच्या ७ टक्के. उलट ०.९० च्या खाली घसरला की दंड, ०.८५ ला ६ टक्के. दहा लाखांच्या बिलात या दोन टोकांतले अंतर एक लाख तीस हजार रुपयांचे.

एवढे पैसे समोर दिसल्यावर जे चाळीस वर्षांत परिपत्रकांनी झाले नव्हते ते दोन-चार वर्षांत झाले. औद्योगिक वसाहतींत कॅपॅसिटर पॅनेल करून देणारे छोटे व्यावसायिक उभे राहिले. मालक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मीटरचे बटण दाबून पीएफ पाहू लागले. पीएफ १ वर टिकवून धरणारा इलेक्ट्रिशियन कारखान्यात मानाचा माणूस झाला, आणि ते योग्यच होते, कारण त्याचा पगार त्या सुटीतून सहज निघत असे.

घाईत एक चूकही पसरली. पुष्कळांनी स्वस्तात काम उरकायला मोठा कॅपॅसिटर कायमचा जोडून टाकला. दिवसा मोटारी चालू असताना तो ठीक. रात्री मोटारी बंद, कॅपॅसिटर मात्र चालूच. मग उसनवारीची दिशा उलटते. आता कॅपॅसिटर तारेला उसने देत-घेत बसतो. यालाच लीडिंग म्हणतात. त्यानेही करंट वाढतो, वर रात्रीचे व्होल्टेज चढते आणि दिवे, पंखे, कार्ड जळतात. बराच काळ बिलात या उलट्या उसनवारीला शिक्षा नव्हती. सप्टेंबर २०१८ च्या आदेशाने आयोगाने उसनवारी पुढची-मागची दोन्ही मोजायला लावली आणि १ पीएफची सूट ७ वरून साडेतीन टक्क्यांवर आणली.

१ एप्रिल २०२० पासून उच्चदाबाच्या ग्राहकांचे बिलच बदलले. युनिट किलोवॅट-तासाचे राहिले नाही, केव्हीएएचचे झाले: कामाची आणि उसनी अशा एकत्र विजेचे. सूट नाही, दंड नाही, ०.७० पीएफवर चालणारा कारखाना त्याच कामासाठी ४३ टक्के जास्त युनिटे भरतो, इतका सरळ हिशेब. फेरारिसच्या चकतीला जे दिसत नव्हते ते आता पहिल्या ओळीत आले. पण दिवस कोणता होता? देशभर टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा झाला होता. शेड बंद, कामगार गावी, आणि लाइनवर फक्त रिकामी रोहित्रे व कोणी बंद न केलेले कॅपॅसिटर. कामाची वीज शून्याजवळ, उसनी मात्र चालूच. नव्या पद्धतीला यापेक्षा वाईट महिना मिळू शकला नसता. ज्यांच्याकडे भार पाहून कॅपॅसिटर आपोआप जोडणारे-सोडणारे पॅनेल होते ते निभावले. कायम जोडलेल्यांना कुलूप लावलेल्या शेडचे केव्हीएएच मोजावे लागले.

आता शेडच्या छतावर सौरपट्ट्या चढू लागल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर जुन्याच प्रश्नाचे नवे रूप. कारखाना १०० किलोवॅट घेतो आणि ४८ केव्हीएआर उसने, पीएफ ०.९०. भर दुपारी सौरपट्ट्या ७० किलोवॅट देतात. बाहेरून आता फक्त ३० किलोवॅट यायचे, पण इन्व्हर्टर सहसा कामाचीच वीज देण्यासाठी लावलेला असतो, म्हणून उसने ४८ चे ४८ बाहेरूनच येते आणि मीटरवरचा पीएफ ०.५३ होतो. कॅपॅसिटर पॅनेल असले तरी ते पाहते कुठे, यावर सगळे आहे. पॅनेलला करंटची खबर देणारी कडी, जिला इलेक्ट्रिशियन सीटी म्हणतात, ती बऱ्याच ठिकाणी जुन्या जागी, यंत्रांकडे जाणाऱ्या केबलवरच राहिलेली असते. पॅनेलला दिसतात १०० किलोवॅट. ते पीएफ ०.९८ पर्यंत आणून थांबते, २० केव्हीएआर तसेच सोडून देते, आणि बाहेरचा मीटर त्या वेळी ०.८३ दाखवत असतो. तेव्हा इलेक्ट्रिशियन शटडाउन घेतो, कॅपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबतो, कडी उघडतो आणि ती सौरपट्ट्यांची केबल जिथे येऊन मिळते त्याच्या अलीकडे, महावितरणच्या बाजूला, नेऊन बसवतो.